न पेटलेलं

आमच्या दादाला आयुष्यात कोणी तासभर गप्प बसवलं असेल, तर ते हैदराबादच्या एका इस्पितळाच्या तळघरात. शिरेतून औषध सोडून त्याला मंद उजेडाच्या खोलीत आरामखुर्चीवर टेकवलं आणि तिथल्या मुलाने बजावलं, की आता तासभर बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, उठून फिरायचं नाही. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला ही शिक्षाच. बाहेर आल्यावर त्याची पहिली तक्रार तीच होती. "सुईचं काही नाही गं बाई. पण एक माणूस तासभर शेजारी बसला आणि त्याचं गाव कोणतं ते कळलं नाही."

दादा देगलूरचा. देगलूर नांदेड जिल्ह्यात, पार तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं. तिकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं, की पावलं मुंबई-पुण्याच्या आधी हैदराबादकडे वळतात. मदनूर, पिटलम, संगारेड्डी करत गाडी येते आणि माहेरचा कोणी ना कोणी फायलीची पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहतो. लग्न होऊन मी इथे आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. बँकेतली नोकरी संपली, आता मी तेलुगू कथांचे मराठी अनुवाद करते. त्यामुळे डॉक्टर, काउंटर आणि नातेवाईक यांच्या मधली दुभाषी मीच. आजवर हे काम मी दुसऱ्यांसाठी केलं होतं. या वेळी फाइल दादाची होती.

सुरुवात भुकेपासून झाली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. वहिनीला वाटलं, वय झालं. पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली तेव्हा भाच्याने त्याला नांदेडला नेलं, नळी घालून पोट पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. जठराचा कर्करोग. त्यातही ज्याच्या पेशींना सिग्नेट रिंग म्हणतात तो प्रकार. पेशीच्या आत बुळबुळीत द्रव भरत जातो, केंद्रक कडेला ढकललं जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. या अंगठ्या एकत्र येऊन गाठ बांधतातच असं नाही. त्या जठराच्या भिंतीत सुट्या सुट्या पसरतात आणि भिंत जाड, ताठ करतात. म्हणून दोन घासांत पोट भरत होतं. पोट ताणलंच जात नव्हतं.

हैदराबादेत सीटी स्कॅन झाला. भिंत जाड, जवळच्या दोन लसिका ग्रंथी मोठ्या, बाकी काही दिसत नव्हतं. सर्जन म्हणाले, "ऑपरेशन करायचं तर पूर्ण जठर काढावं लागेल. त्याआधी रोग आणखी कुठे गेलाय का ते बघायला पाहिजे. पेट स्कॅन करून घेऊ."

रांगेत आमच्या पुढे एक म्हातारी होती, मेदकची. तिच्या छातीत गाठ होती आणि ती नातवाशी दक्खनीत भांडत होती, की दुखणं छातीत असताना हे लोक पेटाचा स्कॅन कशाला करतात. तो बिचारा समजावत होता, की पेट हे यंत्राचं नाव आहे. मी हसले आणि दादाला सांगितलं, की हिंदीत, उर्दूत पेट म्हणजे पोट, म्हणून घोटाळा झालाय. दादा म्हणाला, "अन् आपल्यात पेट म्हणजे पेटणं. हे यंत्र काय पेटवतंय?"

प्रश्न बरोबर होता. तो आत गप्प बसला होता तेवढ्या तासात, भिंतीवरचा तक्ता आणि हातातला मोबाइल यांच्या मदतीने मी त्याचं उत्तर जुळवलं.

१९२०च्या दशकात ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, की कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारख्या खातात. पेट स्कॅन या खादाडपणावर बेतलेला आहे. साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडतात. भुकेली पेशी ही साखर खरी समजून आत घेते, पण ती पुढे पचत नाही, पेशीतच अडकून पडते. फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन सुटतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन किरण अगदी विरुद्ध दिशांना धावतात. भोवतीचं कडं हे जोडीने आलेले किरण पकडतं आणि कुठून निघाले ते मांडतं. तिथे पडद्यावर ठिपका उजळतो. गप्प बसायचं तेही याचसाठी. बोललं तर जबड्याचे स्नायू साखर खातात, चाललं तर पायांचे. सहा तास उपाशी ठेवतात आणि आधी बोटातून रक्त घेऊन साखर बघतात, त्याचंही कारण हेच.

या फ्लोरिनचं अर्धं आयुष्य ११० मिनिटांचं. जेमतेम देगलूर ते नांदेड एवढा वेळ. तेवढ्यात निम्मं संपतं, पुढच्या तेवढ्यात उरलेल्याचं निम्मं. १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ही साखर पहिल्यांदा माणसाला टोचली, तेव्हा ती न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवून विमानाने आणावी लागली होती. आपल्याकडे पहिलं पेट यंत्र २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. हे सगळं दादाला सांगितलं तेव्हा त्याला रोगापेक्षा वेळापत्रकाचंच अप्रूप वाटलं. "म्हणजे गाडी लेट झाली की माल आपोआप कमी," तो म्हणाला. त्या रात्री लहान मुलाला जवळ घेऊ नका असं सांगितलं होतं. माझी नात दाराच्या उंबऱ्याबाहेर बसून त्याच्याशी बोलत होती आणि तो आतून तिला तिकिटं फाडून देत होता.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. इंग्रजीत, दोन पानं. पहिल्या पानावर माझ्या भावाचं काळं-पांढरं चित्र होतं. मेंदू उजळलेला, हृदयावर झाक, मूत्राशय लख्ख. हे तिघे निरोगी माणसातही उजळतात. जठराच्या जागी हलकासा धूसर पट्टा. बाकी अंग काळोखात. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती. तिचा शब्दशः अर्थ एवढाच, की जठराखेरीज अन्यत्र कुठेही असाधारण प्रमाणात औषध शोषलेलं आढळलं नाही.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वहिनी, भाचा, फोनवर नांदेडची पुतणी. मी म्हणाले, "बाकी कुठेही रोग नाही."

अनुवाद करताना मी एका क्रियापदावर दोन दोन दिवस घालवते. त्या ओळीवर मी एक श्वासही घालवला नाही. "आढळलं नाही" याचं मी "नाही" केलं, आणि "औषध शोषलेलं" याचं "रोग" केलं. दोन्ही बदल मला हवे त्या दिशेने होते. भाचा खाली जाऊन पेढे घेऊन आला. दादाने अर्धा पेढा खाल्ला. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, तुमच्या तोंडात साखर पडो." घरात त्या दिवशी सगळीकडे साखरच होती.

सर्जनने मात्र रिपोर्ट बाजूला ठेवला. ऑपरेशनची तारीख विचारली तर म्हणाले, "आधी पोटात दुर्बीण घालून बघू. लहान भोकं पाडायची, आतलं अस्तर डोळ्यांनी बघायचं, थोडं पाणी सोडून ते परत काढून तपासायचं."

भाचा तिथेच चिडला. खाली आल्यावर मला म्हणाला, "आत्या, स्कॅन क्लीन आहे. हे बिल वाढवायचे धंदे आहेत. आपण दुसरीकडे जाऊ." वहिनीचंही तेच मत. मी वर परत गेले, एकटी, आणि विचारलं. सर्जन घाईत होते, पण त्यांनी खुर्ची ओढून समजावलं. त्यांचं म्हणणं मी आता जसंच्या तसं सांगते, कारण एकदा चुकले आहे.

ते म्हणाले, पेट स्कॅन कर्करोग दाखवत नाही. साखर कोणी खाल्ली ते दाखवतो. बऱ्याच कर्करोगांत या दोन गोष्टी एकच असतात, म्हणून तो इतका उपयोगी पडतो. पण तुमच्या भावाच्या प्रकारच्या पेशी अनेकदा साखर फारशी घेत नाहीत. त्या सुट्या असतात, आत द्रव भरलेला असतो, साखर आत घेणारी दारं कमी असतात. खुद्द जठरातच, जिथे रोग आहे हे तुकड्यावरून पक्कं आहे, तिथे किती मंद उजळलंय ते बघा. घरात जो चोर दिव्याखाली उभा राहूनही नीट दिसत नाही, तो अंगणात दिसला नाही म्हणून अंगण मोकळं कसं म्हणायचं? शिवाय हा रोग जातो तो बऱ्याचदा पोटाच्या अस्तरावर. तिथे तो दाण्यादाण्यांनी बसतो. अर्ध्या सेंटीमीटरहून लहान दाणा सीटीत सहज निसटतो, पेटमध्येही. आणि तो तिथे असेल, तर जठर काढून उपयोग नाही. माणूस आठवडेच्या आठवडे ऑपरेशनमधून सावरत राहील, उपचार लांबतील आणि रोग मागेच राहील.

मी खाली आले तेव्हा दादा बाकावर बसून चपलेचा पट्टा नीट करत होता. मी त्याला सांगितलं, की मी काल रिपोर्ट चुकीचा सांगितला. त्यात रोग नाही असं लिहिलेलं नाही. साखर खाणारं कोणी दिसलं नाही, एवढंच लिहिलंय. भाच्याने माझा दंड दाबला. दादाने तो पाहिला. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "गाडीत 'तिकीट, तिकीट' ओरडलं तर हात कोण वर करतं? ज्याला तिकीट घ्यायचंय तो. फुकट्या झोपेचं सोंग घेतो. त्याला बघायला गाडीत मागपर्यंत जावं लागतं." मग भाच्याकडे बघून म्हणाला, "जाऊ दे डॉक्टरला मागपर्यंत."

दुर्बीण घातली तो बुधवार होता. तासाभरात सर्जन बाहेर आले. अस्तरावर पांढरे दाणे होते, खसखशीएवढे, काही त्याहून मोठे. तुकडे घेतले होते, पाणीही घेतलं होतं. चार दिवसांनी दोन्हींत त्याच अंगठीच्या पेशी निघाल्या. यानंतर रोगाची पायरी ठरवायला काही उरलं नव्हतं. चौथी स्टेज. जठर काढायचं ऑपरेशन रद्द झालं, केमोथेरपी ठरली.

दादाला काय सांगायचं यावर माझ्या बैठकीच्या खोलीत दबक्या आवाजात वाद झाला. भाचा म्हणाला, औषधाने बरं होणार आहे म्हणून ऑपरेशन नको, असं सांगू. वहिनी काहीच म्हणाली नाही. आतून दादाने हाक मारली, "बाई, इकडं ये. टप्पा कितवा ते सांग."

ज्यांनी एसटीचा प्रवास केलाय त्यांना ठाऊक असेल, की तिथे भाडं टप्प्यावर असतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. दादाने जन्मभर टप्पे मोजले. स्टेज या शब्दाला त्याच्याकडे हा एकच प्रतिशब्द होता आणि मला वाटतं तो कोशातल्या कोणत्याही शब्दापेक्षा चांगला आहे. मी म्हणाले, "चौथा." "एकूण किती?" "चारच." त्याने मान हलवली. मग विचारलं, "मुक्कामी गाडी आहे का गं?" मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबते ती. कंडक्टर, ड्रायव्हर तिथेच झोपतात, सकाळी परत निघतात. मी म्हणाले, "मुक्काम किती ते कोणी सांगत नाही. डॉक्टरही नाही. औषध लागू पडलं तर मुक्काम लांबतो." हा अनुवाद मी मनात तीनदा तपासून मग बोलले होते.

केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांनी आणखी एक स्कॅन सुचवला. पुढे औषधाचा गुण येतोय का ते ताडून बघायला आधीचं एक चित्र हाती हवं, आणि साखरेचं चित्र इथे कामाचं नव्हतं. या नव्या स्कॅनला फॅपी म्हणतात. जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१८च्या सुमारास त्याची पहिली चित्रं जगापुढे आणली. यंत्र तेच, कडंही तेच. टोचायचं औषध मात्र वेगळं. त्यात साखर नसते. त्याला जोडलेलं असतं गॅलियम-६८, आणि योगायोगाने त्याचं अर्धं आयुष्यही ६८ मिनिटांचंच. हे औषध कर्करोगाच्या पेशीला शोधतच नाही. ते शोधतं तिच्या भोवतीच्या फायब्रोब्लास्ट पेशींना. फायब्रोब्लास्ट म्हणजे शरीरातले गवंडी. जखम झाली की ते धावत येतात, धागे विणतात, भोक बुजवतात. कर्करोग यांनाच आपल्या कामाला लावतो, स्वतःभोवती भिंत बांधून घेतो. अंगठीच्या पेशींचा रोग तर या गवंड्यांची गर्दीच जमवतो. त्यामुळे पेशी स्वतः साखर खात नसली, तरी तिचं बांधकाम दिसतं.

दोन्ही चित्रं डॉक्टरांनी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावली. मध्ये जेमतेम तीन आठवडे गेले होते. डावीकडे काळोख, उजवीकडे जठर कोळशासारखं फुललेलं आणि खाली पोटात इकडे तिकडे ठिणग्या. वहिनीने तोंड फिरवलं. दादा मात्र पुढे वाकून बघत राहिला. "लई पेटलंय की," तो म्हणाला. मग बेंबीजवळच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "हे पण रोगच?"

डॉक्टर हसले. "नाही. तिथून दुर्बीण घातली होती. जखम भरतीये, म्हणून तिथेही उजळलंय."

या एका ठिपक्याचा मी नंतर खूप विचार केला. जिथे अंग बरं होत होतं आणि जिथे अंग पोखरलं जात होतं, दोन्ही जागा सारख्याच उजळल्या होत्या. दुसरं चित्र पहिल्यापेक्षा खरं होतं असं मला क्षणभर वाटलं होतं. तसं नव्हतं. दोन्ही खरी होती. पहिल्याला विचारलं होतं, साखर कोण खातंय. दुसऱ्याला विचारलं होतं, गवंडी कुठे जमलेत. दोघांनीही विचारल्याचं चोख उत्तर दिलं. आम्ही पहिल्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या काळोखातून काढून घेतलं, आणि त्यावर पेढे वाटले. त्या दिवशी भाच्याचं ऐकून दुसरीकडे गेलो असतो, आणि तिथे कोणी माझ्या त्या एका वाक्यावर विसंबलं असतं, तर दादाचं जठर निघालं असतं आणि दाणे आत राहिले असते. मी आयुष्यभर अनुवादातल्या चुका शोधत आले. माझी सगळ्यात मोठी चूक कुठेही छापली गेली नाही.

केमोच्या चार फेऱ्या झाल्या. त्यातल्या एका औषधाने गार वस्तूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, म्हणून दादा हैदराबादच्या उन्हातही लोकरीचे हातमोजे घालतो. माठातलं पाणी बंद, पाणी कोमट. जेवण वाटीवाटीने दिवसातून सहा-सात वेळा. पट्ट्याचं एक भोक परत मागे आलंय. चौथ्या फेरीनंतर फॅपी पुन्हा झाला. रिपोर्ट इंग्रजीत, दोन पानं. दादा माझ्यासमोर बसला, हातमोजे मांडीवर ठेवून.

मी ओळ वाचली, मनात थांबले आणि म्हणाले, "आधी जिथे जिथे उजळलं होतं, त्यातल्या बऱ्याच जागी आता कमी उजळतंय. दोन जागी तेवढंच आहे. नवीन जागी कुठे उजळलेलं दिसलं नाही."

"अन् जिथं उजळलं नाही, तिथं काय?"

"तिथलं यात लिहिलेलं नाही, दादा."

"बरं केलंस," तो म्हणाला. "लिहिलंय तेवढंच सांगत जा."

दुसऱ्या दिवशी त्याला इमलीबनच्या स्टँडवर पोचवायला गेले. देगलूरची गाडी लागली होती. थंड लोखंडी दांडीला हात लागू नये म्हणून त्याने हातमोजे घट्ट ओढले, दोन पायऱ्या चढला आणि दारातल्या पोरसवद्या कंडक्टरला विचारलं, "देगलूरपर्यंत टप्पे किती होतात रे?" पोराला सांगता येईना, त्याच्या हातातलं यंत्रच भाडं काढत होतं. दादा त्याच्या शेजारच्या सीटवर बसला आणि गाडी हलली तेव्हा खिडकीतून मला दिसलं, की तो त्या पोराला गाव विचारत होता.